कलावंत आणि आश्रयदाता
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



सप्ताह आला की मोंढ्यातील आडत दुकानदार भजनी मंडळाला हातभार लावतात. सांगतेला मंडळी त्यांना नारळ देऊन ऋण मानतात. हे ऋण केवढे मोठे असते, ते सुरश्री केसरबाई केरकर यांच्या चरित्रावरून कळते.

गोव्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई सोळाव्या वर्षी मुंबईस आल्या. तेथे शेठ विठ्ठलदास द्वारकादास या व्यापाऱ्यांच्या साहाय्याने त्यांना बरकतुल्ला खाँ यांची तालीम मिळाली. पुढे १९२१ पासून उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे त्यांचे कठोर शिक्षण सुरू झाले. व्यवसाय म्हणून त्या १९३० साली गाऊ लागल्या. तरी खाँसाहेबांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत, शिकतच राहिल्या.

१९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर त्यांची भैरवी अंतराळात गेली. त्या तबकडीवर शेठजींचे नाव नाही. परंतु बाईंचे नाव कोणास ठाऊक नव्हते, तेव्हा त्यांनी मदत केली होती.

मंदिराचे काम आज पुरे झाले. भजन मात्र पुढेही चालावयाचे आहे. पेटी दुरुस्तीला येईल, पखवाजाला शाई लागेल, नवी मुले शिकावयास येतील. देणगीदारांनी तेव्हाही हात आखडता घेऊ नये. भजनी मंडळींनीही केवळ नारळावर न भागवता नित्य सराव ठेवून त्यांचे आभार मानावेत, ही नम्र विनंती.

जय हिंद! जय महाराष्ट्र!