बियाणं उगवलं नाही; तपासायला आणायचं कुठून?

पेरणी तोंडावर आलीय, म्हणून आजचा भाग बियाण्याच्या पिशवीवर. वडीगोद्री-अंबड भागातून ऐकणाऱ्यांनी जरा कान देऊन ऐका.

पिशवी घेणारा शेतकरी ग्राहक आहे का? आहे. पण हे ठरवायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. कंपनीचं म्हणणं, बियाण्यासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे, तिकडं जा. १६ जानेवारी २०१२ ला नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात कोर्टानं हे फेटाळलं. बियाणे कायदा विकणाऱ्याला शिक्षा करतो, शेतकऱ्याचं नुकसान भरून देत नाही. ते ग्राहक कायद्यात मागता येतं.

दुसरी आडकाठी प्रयोगशाळेची. "बियाणं खराब होतं तर तपासणी अहवाल दाखवा." आता सांगा, सगळं बी मातीत गेल्यावर नमुना आणायचा कुठून? हा मुद्दा १९९८ च्या एका खटल्यात आला होता, आणि समोर होती आपल्या जालन्याचीच महिको, बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली. कोर्टानं कंपनीचं ऐकलं नाही. कृषी अधिकाऱ्यानं शेत पाहिलं होतं, आणि त्याच लॉटचं बियाणं तपासायला द्यायची सोय कंपनीलाही होती.

म्हणजे सगळी भिस्त येते पंचनाम्यावर. आणि आपण चुकतो ते इथंच. ओल जाईल म्हणून दुसऱ्या दिवशी रान मोडतो, दुबार पेरतो. त्यात तुमचा दोष नाही, पाऊस थांबत नसतो. पण मोडायच्या आधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि पाहणी होईपर्यंत एका कडेची काही तासं तशीच राहू द्या. पंचनाम्यात नुसतं 'उगवण कमी' लिहून भागत नाही. कंपनी म्हणणार, खोल पेरलं, ओल नव्हती. म्हणून पेरणीची तारीख, पाऊस किती, शेजारी दुसरं बी उगवलं का, हे सगळं लिहून घ्या. सही करण्याआधी वाचा हो!

आणखी एक अडचण, उधारी. उधारीवर घेतलं की दुकानदार चिठ्ठीवर आकडा लिहून देतो. उधारी असली तरी लॉट नंबर टाकलेलं पक्कं बिल मागा. रिकामी पिशवी, टॅग आणि मूठभर बी घरात ठेवा.

कंपनी हैदराबादची असो की दिल्लीची, २०१९ च्या नव्या कायद्यानं तक्रार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे जालन्याच्या जिल्हा आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. आधी विचारायचं असेल तर हेल्पलाइन १९१५.