मुलांचे वाढते वजन आणि शाळेचे मैदान
(वडोदरा येथे पालक, शिक्षक व अधिकारी यांच्या सभेत केलेले भाषण)



कुपोषण हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर हाडकुळे मूल उभे राहते. ते दुःख अद्याप सरलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. परंतु अतिवजनाच्या बालकांचे प्रमाणही २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेल्याचे त्याच पाहणीत दिसून आले. आकडा लहान असला तरी ही वाढ दुर्लक्षिण्याजोगी खास नाही.

आपण जमलो आहोत त्या नगरीने या बाबतीत फार पूर्वी विचार केला होता. विश्वामित्रीच्या काठची कमाटीबाग १८७९ सालची. जुम्मादादा व्यायाम मंदिरातून प्रो. माणिकरावांनी तरुणांच्या पिढ्या घडविल्या. मराठीतील दहा खंडांचा व्यायामज्ञानकोशही येथेच सिद्ध झाला. मुलाचे शिक्षण ही केवळ आईबापांची खाजगी बाब नव्हे, असे मानून सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलांचा आहार व खेळ यांकडेही त्याच दृष्टीने पाहावयास हवे.

घरातील शिकवण एकटी पुरत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या मुलाचा पोळीभाजीचा डबा कित्येक दिवस तसाच परत येत असे. शाळेच्या फाटकाशीच वेफर्सच्या पुड्या व गोड पेये मिळत असत. मी मुलाला रागे भरलो, फाटकाकडे मात्र पाहिले नाही.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार शाळेच्या आवारात व फाटकापासून पन्नास मीटरच्या आत अतिरिक्त चरबी, साखर व मीठ असलेले पदार्थ विकण्यास मनाई आहे. तेथील विक्रेत्याच्या पोटावर पाय यावा, असा याचा अर्थ नव्हे. त्याने फुटाणे, शेंगा, पेरू, काकडी ठेवावी. (आपल्या वडोदऱ्याच्या शेवउसळीतील उसळीविषयी माझी तक्रार नाही, तक्रार आहे ती शेवेच्या मुठीविषयी!)

राहिला खेळ. मुलांना दररोज साठ मिनिटे अंगमेहनत हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण शाळा सुटली की पुष्कळ ठिकाणी मैदानाला कुलूप लागते आणि मुले रस्त्यावर तरी येतात, नाहीतर मोबाईल घेऊन बसतात. शाळा व्यवस्थापन समितीने व ग्रामपंचायतीने येत्या बैठकीत एवढेच ठरवावे की, सायंकाळी पाच ते सात मैदानाची किल्ली कोणाकडे राहील आणि पन्नास मीटरची ती रेघ कोण आखील.