न मिळालेलें पदक

रणांगणावर प्राण पणास लावून जें मिळवावयाचें, तें कोणी चार शब्दांत स्वतःच्या नांवें करून घेतलें, तर त्यास शासन असावें कीं नसावें? अमेरिकेंत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

सन २००७ मध्यें कॅलिफोर्नियांतील एका पाणीपुरवठा मंडळाच्या सभेंत झेव्हियर अल्व्हारेझ या नव्या सभासदानें आपली ओळख करून दिली. आपण पंचवीस वर्षें 'मरीन' दलांत होतों, अनेकदां जखमी झालों आणि १९८७ सालीं 'मेडल ऑफ ऑनर' हें सर्वोच्च शौर्यपदक आपणांस मिळालें, असें त्यानें सांगितलें. यांतील एकही गोष्ट खरी नव्हती.

अनधिकारानें पदक मिरविणें तेथें १९२३ पासून गुन्हा होता. परंतु २००६ च्या डिसेंबरांत मंजूर झालेल्या, 'चोरलेलें शौर्य' अशा अर्थाच्या नांवाच्या कायद्यानें नुसतें तोंडीं खोटें सांगणेंही गुन्हा ठरविलें. सर्वोच्च पदकाविषयीं एक वर्षापर्यंत कारावास. अल्व्हारेझनें गुन्हा कबूल केला, मात्र कायद्यास आव्हान देण्याचा हक्क राखून ठेवला.

२८ जून २०१२ रोजीं न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं तो कायदा घटनाबाह्य ठरविला. न्यायमूर्ति केनेडी यांनीं असत्याची तरफदारी केली नाहीं. केवळ असत्य म्हणून भाषण दंडनीय ठरविण्याचा अधिकार सरकारला दिला, तर त्यास मर्यादा कोठें घालावयाची, ही त्यांची चिंता होती. असत्यावर उतारा सत्याचा. सन्मानितांची यादी लोकांपुढें खुली ठेवावी, असें त्यांनीं सुचविलें. उलट बाजूस न्यायमूर्ति अलिटो यांचें म्हणणें असें कीं, अशा थापांनीं खऱ्या वीरांच्या सन्मानाचेंच मोल घटतें.

श्रोत्यांच्या मनांत येईल कीं, मग लबाडाचें फावलेंच कीं! तसें झालें नाहीं. सरकारी तपास सुरू होण्यापूर्वींच अल्व्हारेझचें बिंग फुटून त्याची छीःथू झाली होती. पुढें २०१३ च्या नव्या कायद्यानें पैसा, मालमत्ता वा अन्य प्रत्यक्ष लाभ उपटण्याच्या हेतूनें केलेली बतावणी तेवढी दंडनीय ठेवली. भारताच्या १८६० च्या दंडसंहितेंतही गुन्हा होता तो सैनिक भासावें म्हणून त्याचा वेष वा चिन्ह धारण करण्याचा. २०२४ पासूनच्या न्यायसंहितेंतही तो कायम आहे.

लुबाडणाऱ्यास तुरुंग योग्यच. नुसत्या बढाईखोरास मात्र उघड्या यादींतील एक कोरी ओळ पुरते. तेथें त्याचें नांव नसतें. ज्यानें रक्त सांडलें, त्याचें असतें.