जेवढे केले, तेवढेच लिहा
(युवक मेळाव्यातील भाषण)

मी रेल्वेतला डिप्लोमाधारक इंजिनिअर. आमच्याकडे मेजरमेंट बुकात प्रत्यक्ष मोजलेले तेवढेच लिहून सही करायची असते. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी पोर्टफोलिओ करणाऱ्या आपल्या मुलांनीही हेच करावे.

२०१२ साली याहूचे प्रमुख स्कॉट थॉम्प्सन यांनी पदवीच्या वादानंतर, रुजू झाल्यापासून सुमारे चार महिन्यांतच पद सोडले. पदवी लेखाशास्त्राची, परिचयात मात्र संगणकशास्त्राचीही छापलेली! एवढ्या अनुभवी माणसाचे हे झाले, तर नवख्याचे काय?

तेव्हा चौघांच्या प्रकल्पात आपला वाटा वेगळा लिहा. धडा पाहून केलेला प्रोग्राम असेल, तर तसे नमूद करा. डिप्लोमा असेल, तर डिप्लोमाच लिहा. त्यात कमीपणा नाही. मुलाखतीत प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो. खऱ्या ओळीला उत्तर पाठ करावे लागत नाही.