भाषेच्या बेटाकडे : एका प्रवासाची आखणी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



यंदाची तरुण सभासदांची सहल कोठे न्यावी, हा विषय कार्यकारी मंडळापुढे आहे. एका बाजूने परदेशप्रवासाची सूचना आली आहे. दुसऱ्या बाजूने मेळघाटचे नाव निघाले आहे. मेळघाटचे नाव निघताच, ‘तेथे पाहण्यासारखे असे काय आहे?’ असा प्रश्नही आला. त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे म्हणूनच मी आज आपणांपुढे उभा आहे. परंतु त्या उत्तरासाठी प्रथम आपणांस थोडे दूर, अटलांटिक महासागरात न्यावयाचे आहे.

स्कॉटलंडच्या वायव्येस समुद्रात सुमारे दोनशे किलोमीटर लांबीची एक द्वीपमाला आहे. तिला आउटर हेब्रिडीज म्हणतात. लुइस आणि हॅरिस, उत्तर यूइस्ट, बेनबेक्युला, दक्षिण यूइस्ट आणि बारा ही तिच्यातील मुख्य नावे. सगळी वस्ती मिळून सव्वीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. उल्लापूल बंदरातून स्टॉर्नोवेला आगबोटीने जावयास पावणेतीन तास लागतात. बारा बेटावर विमान समुद्राच्या वाळूवरच उतरते. त्यामुळे त्याची वेळ ओहोटी पाहून ठरवावी लागते. लुइसमध्ये रविवार इतक्या निष्ठेने पाळला जाई की, स्टॉर्नोवेहून रविवारची आगबोट २००९ साली प्रथम सुटली. तेथे जाणाऱ्या शहाण्या प्रवाशाला म्हणूनच तीन गोष्टी आधी शिकाव्या लागतात : समुद्राची वेळ, देवाचा दिवस आणि लोकांची भाषा.

ही भाषा म्हणजे स्कॉटिश गेलिक. १८७२ च्या शिक्षणविषयक कायद्यात तिला स्थानच नव्हते. शाळेत शिरणारे मूल आपली भाषा दाराबाहेर ठेवून आत जाई. पुढे काळ पालटला. गेलिक माध्यमाच्या शाळा निघाल्या आणि २०२५ साली स्कॉटलंडच्या संसदेने कायदा करून या भाषेला अधिकृत दर्जा दिला. तथापि आकडे काय सांगतात ते पाहा. २०११ च्या जनगणनेत सबंध स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे सत्तावन्न हजारांवर होते. २०२२ मध्ये ते एकोणसत्तर हजारांवर गेले. परंतु त्याच काळात प्रत्यक्ष बेटांवर त्यांचे प्रमाण शेकडा ५२ वरून ४५ वर उतरले. शहरात शिकणारे वाढले, घरात बोलणारे घटले. ज्या भूमीत भाषा जन्मभर नांदली, तेथेच ती अल्पसंख्य झाली.

हेब्रिडीजचा आणि वऱ्हाडाचा संबंध काय, असे आपण विचाराल. तो जुना आहे, आणि रक्ताने लिहिलेला आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आज अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात असलेल्या आडगावच्या मैदानावर इंग्रज आणि मराठे यांची लढाई झाली. इंग्रज इतिहासकार तिला अरगावची लढाई म्हणतात. आर्थर वेलस्लीच्या त्या सैन्यात ७८ वी हायलँडर पलटण होती. १७९३ साली ती उभी केली सीफोर्थच्या मॅकेंझीने, आणि लुइस बेट त्याच्याच मालकीचे होते. तेथील अनेक तरुण तिच्यात भरती झाले. आपल्या जवारी-कपाशीच्या रानात त्या दिवशी गेलिकमध्ये हाका उठल्या असतील! पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. ज्यांची भाषा स्वतःच्या देशात तुच्छ मानली जात होती, तेच परक्यांचे राज्य मोडावयास येथवर चालत आले. इतिहासाची ही गती विचार करावयास लावणारी आहे.

आता गाविलगडाच्या पलीकडे पाहा. आपल्या अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत सातपुड्याच्या कुशीत जे कोरकू बांधव राहतात, त्यांची भाषा मराठीची बोली नव्हे, हिंदीचीही नव्हे. ती मुंडा कुळातील आहे. तिच्या बहिणी संथाळी आणि मुंडारी शेकडो कोस पूर्वेस झारखंडाकडे नांदतात. चहूबाजूंनी मराठी, हिंदी आणि गोंडी यांचा समुद्र, आणि मध्ये हे बेट! कोरकूत पाण्याला ‘डा’ म्हणतात, जेवण्याला ‘जोम’, घराला ‘उरा’. संथाळीतही जेवणे म्हणजे ‘जोम’च. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणून कोरकू म्हणजे ‘माणसे’. ज्या सिपना नदीच्या काठी कोलकासला आपण छायाचित्रे काढतो, तिच्या नावाचा अर्थ साग असा आहे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

याहून लहान बेटही आपल्या शेजारी आहे. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात निहाली नावाची भाषा बोलतात. बोलणारे अवघे दोन-अडीच हजार. तिचे नाते जगातील कोणत्याही भाषाकुळाशी निश्चितपणे जुळलेले नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. के. एस. नागराज यांनी कोरकू आणि निहाली या दोन्ही भाषांवर ग्रंथ लिहिले. वऱ्हाडातील आपण मात्र या भाषांची नावेही क्वचित घेतो.

बंधूंनो, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी आपल्याच जिल्ह्यात रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. म्हाइंभटांनी जेथे लीळाचरित्राची सिद्धता केली, त्या भूमीचा हा यथोचित सन्मान होय. आपणांस त्याचा अभिमान वाटतो, आणि वाटलाच पाहिजे. परंतु ज्या जिल्ह्यात रिद्धपूर आहे, त्याच जिल्ह्यात पहिलीच्या वर्गात बसलेले कोरकू मूल मराठी पुस्तकापुढे गोंधळून उभे राहते. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सात लाखांवर होते. म्हणजे गेलिकच्या दसपट! संथाळीला घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. कोरकूला मिळालेले नाही. आपल्या भाषेवर प्रेम करणाऱ्याने दुसऱ्याच्या भाषेविषयी उदासीन राहावे, हे प्रेमाचे लक्षण नव्हे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. ज्येष्ठांनी राग मानू नये. आपल्या समाजातील किती तरी कुटुंबांचा मेळघाटशी दोन-तीन पिढ्यांचा संबंध आहे. कोणी शिक्षक म्हणून गेले, कोणी जंगलखात्यात, कोणी लाकडाच्या ठेक्यावर, कोणी दुकान थाटून. तेथील मिळकतीवर मुलांची शिक्षणे झाली. परंतु कोरकू भाषा शिकून परतलेले किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेसुद्धा नाहीत. म्हणून ‘तेथे पाहण्यासारखे काय आहे’ हा प्रश्न मी उलटा विचारतो : इतकी वर्षे जाऊन आपण पाहिले काय?

आता प्रत्यक्ष आखणीविषयी. ही सहल तीन दिवसांची असावी आणि मंडळी वीसच्या वर नसावीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात नद्या-नाले रस्ता अडवितात. होळीला मजुरीसाठी बाहेर गेलेली माणसे घरी परततात आणि गावोगाव फागाचा उत्सव होतो. पण तो त्यांच्या घरचा सण आहे. आमंत्रण असेल तरच त्या वेळी जावे.

अकोल्याच्या मंडळींनी आकोट-अंजनगाव मार्गे आणि अमरावतीकरांनी सरळ, असे सर्वांनी परतवाड्यास एकत्र यावे. पूर्वी अकोल्याहून खंडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडी धुळघाटाचा प्रसिद्ध वळसा घेत थेट या रानातून जाई. गेज-बदलासाठी ती २०१७ साली बंद झाली. अकोला-आकोट मार्गावर २०२२ पासून मोठी गाडी धावू लागली. परंतु व्याघ्रप्रकल्पातील जुना मार्ग सोडून पुढील लोहमार्ग बाहेरून नेण्याचे ठरले. वनाच्या दृष्टीने ते योग्यच झाले.

पहिला दिवस चिखलदऱ्याचा. गाविलगड सकाळीच पाहावा आणि १८०३ चा इतिहास तेथेच तरुणांना सांगावा. दुसरा दिवस सेमाडोह, कोलकास आणि हरिसाल यांचा. वनखात्याचे विश्रामगृह आणि प्रवेशाची परवानगी आधी घ्यावी. आयत्या वेळी कोणाच्या ओळखीवर विसंबू नये. तिसऱ्या दिवशी धारणीकडे जावे, आणि शक्य तर बैरागडपर्यंत. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याने अनेक दशके रुग्णसेवा केली ते हे गाव. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कुपोषणाची बातमी आपण वर्तमानपत्रांतून १९९३ पासून वाचत आलो. एक डॉक्टर लोकांमध्ये राहिला म्हणजे काय घडते, ते तेथे कळते.

पथ्ये थोडी आहेत, पण कडक आहेत. निघण्यापूर्वी प्रत्येकाने किमान वीस कोरकू शब्द शिकावेत. त्यासाठी एखाद्या कोरकू विद्यार्थ्यास मानधन देऊन मंडळाच्या सभागृहात चार रविवार बोलवावे. गावात जाण्याआधी पाटील आणि ग्रामपंचायत यांची संमती घ्यावी. वाटाड्या तेथलाच असावा आणि त्याची मजुरी ठरवून द्यावी. जेवण गावातच घ्यावे आणि त्याचे पैसे चुकते करावेत. विचारल्यावाचून कोणाचे छायाचित्र घेऊ नये. मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव लाकडी ‘मुंडा’ खांब दिसतील. ते शोभेची वस्तू नव्हेत, त्यांना हात लावू नये. बिस्किटे आणि जुने कपडे वाटण्याची हौस घरीच ठेवावी. आपण दाते म्हणून नव्हे, पाहुणे म्हणून जात आहोत.

शेवटी एका बेटाची हकीकत सांगतो. हेब्रिडीजच्या पश्चिमेस सेंट किल्डा नावाचे एकाकी बेट आहे. २९ ऑगस्ट १९३० रोजी तेथील उरलेली ३६ माणसे स्वतःच्या विनंतीवरून बेट सोडून मुख्य भूमीवर गेली. आपल्याकडेही व्याघ्रप्रकल्पातून केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा अशी गावे आकोटच्या बाजूस हलविण्यात आली. त्यांतील काही कुटुंबे पुढे पुन्हा रानात परतली आणि जानेवारी २०१९ मध्ये वनकर्मचारी व गावकरी यांच्यात संघर्ष झाला. वाघ वाचला पाहिजे, यात शंका नाही. पण गाव हलविताना घरे आणि शेते मोजली जातात, भाषा कोणी मोजीत नाही. सपाटीवरच्या बाजारात, शाळेत आणि दवाखान्यात ती दररोज थोडी थोडी मागे पडते. हे होत असताना शेजारी म्हणून आपण निदान ती ऐकलेली तरी असावी.

परदेशची सूचना मला अमान्य नाही. ज्यांना सामर्थ्य आहे त्यांनी हेब्रिडीजला अवश्य जावे. परंतु परतवाड्यापलीकडचे बेट ज्याने पाहिले आहे, त्यालाच अटलांटिकमधील बेट खरे समजेल. म्हणून यंदाची सहल मेळघाटास न्यावी आणि तीआधी चार रविवारांचा कोरकू वर्ग मंडळाने चालवावा, अशी माझी सूचना आहे. वर्गासाठी आपली नावे सभेनंतर चिटणिसांकडे द्यावीत. पहिले नाव माझे लिहावे.