वाडीचा नाईक आणि गावची सभा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी लोणची-पापडांच्या हिशेबावर बोलेन अशी पुष्कळजणींची समजूत असेल. आज मात्र गावाच्या कडेला राहणाऱ्या कातकरी बायांविषयी बोलणार आहे.

खैराचा काथ करणारे ते कातकरी. खेड, मंडणगड, दापोली ह्या बाजूला त्यांच्या वाड्या आहेत. वाडीत नाईक असतो. तंटा असो, सोयरीक असो, त्याचा शब्द चालतो. आपल्याकडे मानकरी, तसा तिकडे तो. पण शिमग्यात पालखीपुढे मानाची जी क्रमवारी लागते, तीत त्या नाइकाला कोणी विचारीत नाही. 1931 साली भागोजीशेठ कीरांनी ह्याच रत्नागिरीत पतितपावन मंदिर बांधून देवाचे दार सर्वांना उघडले. सभेच्या सतरंजीवर मात्र सगळे अजून आलेले नाहीत.

गडचिरोलीकडे धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) म्हणून गोंडांचे लहानसे गाव आहे. तेथे गावसभा हात वर करून बहुमत मोजीत नाही. सर्वांचे एकमत होईपर्यंत बोलत बसते. बायाही त्यात बसतात नि बोलतात. ह्या गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून बांबूच्या वाहतुकीचे परवाने गावच देऊ लागले. जुनी रीत आणि नवा कायदा तेथे एकमेकांच्या उपयोगी पडले. आदिवासी भागासाठी 1996 चा 'पेसा' कायदा आहे, तो पाड्याच्या सभेलाही मान देतो. पण त्या यादीत आपला जिल्हा नाही. म्हणून आपल्याकडची कातकरवाडी म्हणजे मोठ्या ग्रामपंचायतीचा एक कोपरा, एवढेच.

नाइकाला डोक्यावर घ्या, असे मी म्हणत नाही. जातपंचांच्या बैठकीत बाईला कोण विचारी? आणि आपल्या गावकीने तरी वाळीत टाकायचे काय कमी केले? त्यासाठी 2016 साली कायदा करावा लागला! मला ग्रामसभाच बरी वाटते. 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असाही नियम आहे.

पण ही सभा भरते केव्हा? बहुधा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे चारांतल्या दोन सभा त्यांच्या पाठीमागेच होतात. एका महिला सभेला मी होते. सह्या झाल्या, चहा झाला, दहा मिनिटांत उठलो. कातकरवाडीची एकही बाई नव्हती. आणि खरे सांगते, घरी येऊन भाकऱ्या थापीपर्यंत ते माझ्याही ध्यानात आले नाही.

सरपंचांना जादा सभा बोलावता येते. गणपती गेल्यावर आणि दिवाळीच्या आत ती घ्यावी, असा अर्ज आपल्या मंडळाने द्यावा. त्याआधी वाडीवर जाऊन नाइकाशी बोलावे. त्याला वगळून बायांना बोलावणे बरे दिसायचे नाही, आणि त्याही यायच्या नाहीत. बायांना रेशनकार्ड, घराखालची जागा, जातीचा दाखला ह्यांविषयी काय सांगायचे आहे ते आधी ऐकून घ्यावे. आपण त्यांच्या वतीने बोलू नये.

वाडीची चढण थोडी आहे, पण सकाळी लवकर निघाले तर ऊन लागत नाही. माझ्याबरोबर कोण कोण येणार ते चहाच्या वेळी सांगावे.