बुद्धांच्या वाटेने



आज आपण यात्रेविषयी बोलू. पंढरीची वाट आपल्याला पाठ आहे. ती कुणी शिकवावी लागत नाही. पण बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी ही गावे दूरची. वाट ठाऊक नाही. बोली वेगळी. म्हणून या यात्रेला निघण्याआधी घरी बसून नीट आखणी करावी लागते. आखणी चांगली झाली तर यात्रा सुखाची होते. नाही तर पैसा जातो, जीव दमतो आणि पाहायचे ते राहून जाते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांच्यामागून लाखो माणसांनी घेतली. तेव्हापासून ही नावे महाराष्ट्रात घरोघर पोचली. पण ही गावे एकट्या बौद्धांची नव्हेत. आपल्या नाण्यांवर सिंह आहेत ना? ते सारनाथचे. २६ जानेवारी १९५० रोजी तीच आपल्या देशाची मुद्रा ठरली. म्हणजे हा ठेवा सगळ्यांचा आहे.

पहिला प्रश्न, जायचे कोठे?

मुख्य स्थळे चार. लुंबिनीला बुद्धांचा जन्म झाला. बुद्धगयेला पिंपळाखाली त्यांना ज्ञान झाले. सारनाथला त्यांनी पाच सोबत्यांना पहिला उपदेश केला. कुशीनगरला ऐंशीव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. ही चार ठिकाणे आधी धरा. त्यांच्या वाटेवर आणखी पाच आहेत. राजगीर, नालंदा, वैशाली, श्रावस्ती आणि सांची. सवड असेल, पैसा असेल, तर ती जोडा.

दुसरा प्रश्न, जायचे केव्हा?

पुष्कळांना वाटते, वैशाखी पौर्णिमेला जावे. दिवस मोठा खरा. पण वैशाखात बिहारचे ऊन म्हणजे आगच. गर्दीही फार. म्हाताऱ्या माणसांना ते सोसत नाही. दिवाळीच्या पाठोपाठ बिहारात छठचा सण येतो. परगावी कामाला गेलेली माणसे तेव्हा घरी जातात. गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. पौषात तिकडे दाट धुके पडते. गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. मग राहिला माघ महिना. धुके कमी होते. ऊन अजून कोवळे असते. आपलीही मोठी कामे थोडी हलकी झालेली असतात. माघ धरा.

वारसुद्धा पाहून निघा. सारनाथ, नालंदा आणि सांची येथे वस्तुसंग्रहालये आहेत. ती शुक्रवारी बंद असतात. सारनाथचे सिंह त्या संग्रहालयातच आहेत. शुक्रवारी गेलात तर दार लावलेले दिसेल. इतक्या दूर जाऊन हात हलवीत परत यायचे, हे बरे नव्हे.

म्हणून रविवारी निघा. कसे ते पाहा. सोमवारी वाराणसी. मंगळवारी सारनाथ. ते वाराणसीपासून सुमारे १० किलोमीटर आहे. बुधवारी आगगाडीने गया आणि तेथून बुद्धगया. गुरुवारी दिवसभर बुद्धगयाच. शुक्रवारी राजगीर. तेथे गरम पाण्याची कुंडे आहेत, डोंगर आहे. संग्रहालय बंद असले तरी आपले काही अडत नाही. शनिवारी नालंदा पाहून संध्याकाळी पाटणा. रविवारी वैशाली. सोमवारी कुशीनगर. मंगळवारी गोरखपूरवरून सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनी. बुधवारी लुंबिनी. गुरुवारी श्रावस्ती. शुक्रवारी लखनौ. तेथून रात्रीची गाडी धरायची. शनिवारी भोपाळ किंवा विदिशा येथे उतरून सांची. मग इटारसीवरून घर. हे झाले पंधरा-सोळा दिवस.

तिसरा प्रश्न पैशाचा. तोच सगळ्यांत अवघड.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कर्ज काढून यात्रा करू नका. म्हैस विकून तर मुळीच नको. यात्रा पुढल्या वर्षीही होईल. विकलेली म्हैस परत दावणीला येत नाही.

यावर कुणी म्हणेल, "पैसे जमेपर्यंत थांबायचं, तर आईचे गुडघे थांबतात का?" हे म्हणणेही खरे आहे. पुष्कळ घरांत असेच होते. तरणी माणसे जाऊन येतात आणि म्हातारीला सांगतात, "तू घर राख." तिने जन्मभर घरच राखलेले असते. खरे म्हणजे तिला आधी न्यायला हवे.

मग दोन्ही कसे साधावे? यात्रा लहान करावी. चारच स्थळे घ्यावी. वाराणसीला उतरून सारनाथ पाहावे. मग बुद्धगया. तेथून परत वाराणसीवरून गोरखपूर गाठावे. गोरखपूरहून कुशीनगर सुमारे ५० किलोमीटर आहे. ते पाहावे. मग लुंबिनी पाहून गोरखपूरला परत यावे. तेथून भुसावळवरून मुंबईकडे येणाऱ्या गाड्या मिळतात. दहा-अकरा दिवसांत घरी. खर्च कमी, दगदग कमी, आणि आईची यात्रा पुरी.

एकट्यादुकट्याने जाण्यापेक्षा दहा-बारा जणांनी मिळून जावे. समजा, एका मोटारीचे भाडे सहा हजार रुपये झाले. पाच जण असले तर प्रत्येकी बाराशे पडतात. बारा जण असले तर पाचशे. हिशेब तुम्हीच करून पाहा. आजपासून दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाका. बायांचे बचत गट आहेत, त्यांना ही रीत ठाऊकच आहे.

जमलेला पैसा एकाच्या हाती देऊ नका. दोघांच्या हाती द्या. त्यांतली एक बाई असावी. रोजचा खर्च रोज वहीत लिहावा आणि रात्री सर्वांना वाचून दाखवावा. एकूण पैशांची चौथाई अडीअडचणीसाठी वेगळी ठेवा. कुणी म्हणाला, "पैसे आणा, सगळं मी बघतो," तर आधी पावती मागा. कोणत्या तारखेला, कोणत्या गाडीने, राहायचे कोठे, जेवण कुणाचे, हे कागदावर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर पैसे देऊ नका.

रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे. तेव्हा माघात निघायचे तर मार्गशीर्षातच तिकिटे काढा. वेटिंगचे तिकीट असले तर स्लीपरच्या डब्यात बसता येत नाही. म्हाताऱ्या माणसांना भाड्यात सूट असे, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. म्हणून पुरे भाडे धरूनच हिशेब करा. जुन्या वास्तू पाहायला तिकीट लागते. पंधरा वर्षांखालील मुलांना लागत नाही.

आता चौथा प्रश्न. बरोबर काय घ्यायचे?

पांघरूण, पाण्याची बाटली, रोजची औषधे. मतदार ओळखपत्र विसरू नका. लुंबिनी नेपाळात आहे. आपल्याला तेथे व्हिसा लागत नाही, पण सीमेवर ओळख विचारतात. शंभराच्या नोटा जवळ ठेवा. आपल्या शंभर रुपयांचे तेथे एकशे साठ नेपाळी रुपये होतात. आपला मोबाईल सीमेपलीकडे चालेलच असे नाही. बुद्धगयेच्या महाबोधी विहारात तर मोबाईल आत नेऊच देत नाहीत. बाहेर ठेवावा लागतो.

म्हणून प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी हवी. तीत नाव, गाव, सोबतच्या दोघांचे नंबर आणि आजच्या मुक्कामाचे ठिकाण लिहावे. मुक्काम बदलला की चिठ्ठी बदलावी. गर्दीत चुकामूक झाली तर घाबरू नये. जेथे आहोत तेथेच थांबावे आणि चिठ्ठी पोलिसाला दाखवावी. रेल्वेच्या मदतीचा नंबर १३९ आहे. आपल्या देशात कोणत्याही संकटात ११२ फिरवावा.

आणि आता मोठ्या आनंदाची गोष्ट सांगतो. तुम्ही नुकतीच अक्षरे शिकलात. ही अक्षरे मराठीच्या शिवेवर थांबत नाहीत. मध्य प्रदेशात, उत्तर प्रदेशात, बिहारात हिंदीच्या पाट्या याच अक्षरांत असतात. सीमा ओलांडून नेपाळात गेलात तरी नेपाळी याच अक्षरांत लिहितात. स्टेशनाचे नाव तुम्हाला वाचता येईल. "पीने का पानी" वाचता येईल. "महिला" आणि "पुरुष" वाचता येईल. कुणाला विचारावे लागणार नाही. कुणी फसवू म्हटले तरी फसवता येणार नाही. जी अक्षरे तुम्ही या वर्गात गिरवली, ती तुम्हाला थेट लुंबिनीपर्यंत नेतील.

तेथे गेल्यावर काय पाहाल?

लुंबिनीला सम्राट अशोकाचा दगडी स्तंभ आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यावर लेख कोरलेला आहे. बुद्धांचा जन्म येथे झाला, असे त्यात लिहिले आहे. जन्मभूमी म्हणून राजाने या गावाचा कर माफ केला आणि पिकातला राजाचा हिस्सा आठव्या भागावर आणला, असेही लिहिले आहे. पाहा, राजा आला, त्याने वंदन केले आणि शेतकऱ्याचे ओझे हलके केले.

बुद्धगयेचा पिंपळ आज उभा आहे तो जुन्याच वंशाचा. आधीचे झाड १८७६ साली वादळात पडले. पुढे त्याच्या रोपातून हे वाढवले. त्याची पाने तोडू नका. गळून पडलेले पान मिळाले तर ते घ्या.

नालंदेला एक मोठे विद्यापीठ होते. पाचव्या शतकात ते सुरू झाले. चीनमधून ह्युएन त्संग नावाचा भिक्षू सातव्या शतकात तेथे शिकायला आला. शिकण्यासाठी तो डोंगर आणि वाळवंट तुडवीत आला. आपल्याला वर्गात यायला चार घरे ओलांडावी लागतात.

वैशालीला स्त्रियांना भिक्षुणी संघात प्रवेश मिळाला, असे जुने ग्रंथ सांगतात. महाप्रजापती गौतमी त्यांची पुढारी. तिने बुद्धांना सांभाळून वाढवले होते. आयाबहिणींनो, तेथे घटकाभर बसा.

सांचीला तर खूपच वेळ ठेवा. तेथील स्तूपावर शेकडो लहान लेख आहेत. ज्यांनी दगड दान केला त्यांची नावे आहेत. त्यांत भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, व्यापारी आहेत, कारागीर आहेत, घरच्या गृहिणीही आहेत. ही लिपी ब्राह्मी. आपली आजची अक्षरे तिच्यातूनच निघाली. पुढे लोक ती वाचायला विसरले. शेकडो वर्षे कुणालाच ती वाचता येईना. मोठमोठे पंडितही त्या दगडांपुढे तुमच्याआमच्यासारखे निरक्षरच होते म्हणा ना! १८३७ साली कलकत्त्याच्या जेम्स प्रिन्सेप याने सांचीचे लेख नीट पाहिले. पुष्कळ लेखांची शेवटची अक्षरे सारखीच होती. त्याने विचार केला, लोक देवळाला काही देतात तेव्हा काय लिहितात? "दान". त्या एका शब्दाने कुलूप उघडले. मग अशोकाचे लेखही वाचता आले. तुम्हीसुद्धा असेच शिकलात. आधी एक शब्द ओळखीचा झाला, मग दुसरा.

पण एक ध्यानात ठेवा. नवीन अक्षरे आली म्हणून तेथे भिंतीवर आपले नाव कोरू नका. जुन्या वास्तूची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सांचीच्या माणसांची नावे राहिली ती त्यांनी काही दिले म्हणून. आपले नाव आपल्या वहीत लिहावे. तेथे काय पाहिले तेही लिहावे. परत आल्यावर जे येऊ शकले नाहीत त्यांना वाचून दाखवावे.

आणि ज्यांना जाणे जमणारच नाही त्यांनी मन छोटे करू नये. अजिंठा आपल्याच मुलखात आहे. लोणावळ्याजवळ कार्ल्याचे लेणे आहे. त्यावरही दान देणाऱ्यांची नावे आहेत, आणि त्यांत एक सुतारही आहे. नागपूरची दीक्षाभूमी आहे. दोन दिवसांत जाऊन येता येते.

बुद्ध पंचेचाळीस वर्षे गावोगाव पायी हिंडले. आपल्याला गाडी आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढे करा. वहीचे एक कोरे पान घ्या. त्यावर चार ओळी लिहा. कोण जाणार, केव्हा जाणार, किती पैसे लागणार, महिन्याला किती टाकणार. पहिल्या ओळीत घरातल्या सर्वांत वडील माणसाचे नाव लिहा. पुढच्या आठवड्यात ते पान घेऊन या. आपण मिळून हिशेब तपासू.